नव्याचे नऊ दिवस संपल्यावर

नव्या नोकरीतला पहिला आठवडा सगळ्यात अवघड, असं म्हणतात. मला तो फारसा अवघड गेला नाही. पहिल्या आठवड्यात माणूस पाहुणाच असतो. लॅपटॉप मिळालेला नसतो, पासवर्ड चालत नसतो, ओळखपत्रावरचा फोटो भलत्याच कुणाचा वाटतो, आणि यातल्या कशालाच आपण जबाबदार नसतो. जो भेटेल तो ‘हळूहळू कळेल’ म्हणतो आणि आपणही ते खरं धरून चालतो. पंचाईत सुरू होते ती नंतर, लोक आपल्याला समजावून सांगायचं थांबतात तेव्हा. कुणी ठरवून थांबत नाही. त्यांच्या लेखी आपण आता इथले झालेलो असतो. आपल्या लेखी अजून दारातच उभे असतो.

मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक होते. तिथे मला काय येतं हे मला माहीत होतं. काय येत नाही हेही माहीत होतं, आणि ते ज्याला येतं तो कुठल्या टेबलावर बसतो हेसुद्धा. रात्री उशिरा मोठी बातमी आली की कुठली कापायची, कुठलं हेडिंग दोन ओळींत बसेल, आवृत्ती थांबवायची तर कुणाला फोन करायचा, हे सगळं हात आपोआप करायचे. तिथून मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर म्हणून गेले. त्यांची प्रणाली कशी वापरायची ते लिहिणं हे माझं काम. मुलाखतीत सांगितलं होतं, ‘टेक्निकल भाग आम्ही सांगू, तुम्ही फक्त सोपं करून लिहायचं.’

फक्त!

त्या ‘फक्त’चा आवाका रोज सकाळी स्टँडअपमध्ये कळायचा. स्टँडअप म्हणजे उभ्याउभ्या उरकायची छोटी बैठक. एकेक जण दोन-तीन वाक्यं बोलतो आणि पुढच्याकडे बघतो. “रात्रीचा जॉब मेला, रीरन लावलाय.” “स्टेजिंगवर चालतंय, प्रॉडवर फुटतंय.” “तो जुना फ्लॅग काढू नका रे, त्याच्यावर बिलिंग आहे.” यावर सगळे हसले. जॉब मेला म्हणजे कुणाची नोकरी गेली नाही, रात्री आपोआप चालणारा एक प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, हे मला त्याच दुपारी कळलं. फ्लॅग म्हणजे प्रोग्रॅममधली एक कळ, चालू किंवा बंद, हेही समजलं. पण एका कळेवर अख्खं बिलिंग कसं काय उभं आहे, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे, हे काही केल्या उलगडेना. आपणही थोडं हसावं की गंभीर राहावं, हा आणखी वेगळा पेच. मी चेहरा मधला कुठलातरी ठेवायचे.

माझा टीम लीड माझ्याहून बराच लहान. तो बाकी सगळ्यांना ‘तू’ म्हणायचा आणि मला ‘तुम्ही’. त्यात आदर होता, पण कामाची मात्र अडचण व्हायची. ‘तू’ला सरळ सांगता येतं की हे जमलेलं नाही, परत लिही. मला तो म्हणायचा, “छान झालंय. फक्त वेळ मिळाला तर हा भाग एकदा बघा.” मग मी घरी जाऊन विचार करत बसायची, की ‘वेळ मिळाला तर’ म्हणजे उद्या सकाळी की पुढच्या महिन्यात, आणि ‘बघा’ म्हणजे स्वल्पविराम बघा की सगळं पुसून नव्याने लिहा. शेवटी एकदा त्याला गाठलं. म्हटलं, “अरे, वयाचा मान राहू दे बाजूला, काय चुकलंय ते सांग.” तो लाजला. ‘तुम्ही’ काही सुटलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या मजकुराच्या समासात त्याच्या टिपांची रांग लागली. इतक्या दुरुस्त्या बघून कुणाला हायसं वाटेल असं मला आधी वाटलं नसतं. मला वाटलं.

या सगळ्या घालमेलीला हल्ली एक तयार नाव आहे, इम्पोस्टर सिंड्रोम. नव्या नोकरीतल्या कुठल्याही धडधडीवर ते चिकटवून मोकळं होता येतं. एका मैत्रिणीपाशी रडगाणं सुरू केलं, तर तिने दुसऱ्याच वाक्याला हे निदान करून टाकलं. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ही कल्पना मांडली, ती दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांसोबतच्या कामावरून. या स्त्रियांच्या हातात पदव्या होत्या, क्षेत्रात नाव होतं, आणि तरीही आपण लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतोय, एक दिवस उघड्या पडू, असं त्यांना वाटत राहायचं. म्हणजे पुरावा ढीगभर, पण तो मनाला पटत नाही. माझ्याकडे पुरावाच कुठे होता? मला खरोखरच काही येत नव्हतं. फसवत होते म्हणावं तर मी कुणाला काही येत असल्याचं सांगितलंही नव्हतं. माझ्या वाटण्याला विकार म्हणणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत दिसत नाही म्हणून चष्म्याचा नंबर काढून घेण्यासारखं होतं.

शिवाय या निदानासोबत औषधही ठरलेलंच येतं: स्वतःवर विश्वास ठेव. विश्वास ठेवायला माझी हरकत नव्हती. मला त्या वेळी बिलिंग कसं चालतं ते दाखवणारी एक आकृती हवी होती.

मला नेमकं काय होत होतं, ते बुद्धिबळावरच्या एका प्रयोगाने थोडं समजलं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली तो प्रसिद्ध केला. खऱ्या सामन्यातली, डावाच्या मध्यावरची मांडणी पाच सेकंद दाखवायची, मग पट झाकायचा आणि दुसऱ्या पटावर ती आठवून लावायला सांगायची. नवशिक्याला एका नजरेत चारेक मोहरी आठवायची, मास्टरला सोळाच्या आसपास. इथवर नवल नाही. पुढे त्यांनी तीच मोहरी पटावर कशीही, डावाशी संबंध नसलेल्या जागी विखरून दाखवली. मास्टर आणि नवशिका यांच्यातला फरक जवळपास नाहीसा झाला. मास्टरची स्मरणशक्ती दांडगी नव्हतीच. त्याला मोहरी सुटी दिसत नव्हती. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यापुढची प्यादी आणि शेजारचा हत्ती हे त्याच्या लेखी मिळून एकच काहीतरी होतं, हजार वेळा पाहिलेलं.

स्टँडअपमध्ये हेच चाललेलं असायचं. ‘फ्लॅगवर बिलिंग आहे’ हे बाकीच्यांना एका नजरेत दिसायचं. मला त्यात फ्लॅग वेगळा, बिलिंग वेगळं, तो काढायचं कुणी सुचवलं ते वेगळं, आणि हसू वेगळं. या चार गोष्टी धरून ठेवेपर्यंत पुढचा माणूस बोलून मोकळा व्हायचा.

आणि ज्याने एके काळी दुसऱ्या कुठल्या पटावर सोळा मोहरी पाहिली आहेत, त्याला हे जास्त बोचतं. कॉलेजातून थेट आलेल्या मुलाला न कळण्याची सवय असते, गेली काही वर्षं त्याने तेच केलेलं असतं. कळणं कसं असतं, त्यात हात कसे सुटे चालतात, हे ज्याच्या अंगात मुरलेलं असतं, त्याला स्वतःचा संथपणा सहन होत नाही. अज्ञानाची लाज वाटते असं आपण म्हणतो. माझ्या बाबतीत तरी लाज वाटायची ती वेगाची. चार ओळींची मेल. ती मी वर्तमानपत्रात फोन कानाला लावून एका हाताने लिहिली असती. इथे ती लिहून मी ‘सेंड’वर बोट ठेवून बसायची. प्रत कुणाकुणाला टाकायची? वरच्यांना टाकली तर तक्रार वाटेल का? नाही टाकली तर लपवल्यासारखं होईल का? ‘कृपया’ फार झालं का? शेजारचा मुलगा तेवढ्यात एका शब्दाची मेल पाठवायचा: ‘डन’. संध्याकाळी हिशेब मांडला तर केलेलं काम शून्य आणि डोकं मात्र दिवसभर दगड फोडल्यासारखं जड. हात जे आपोआप करत होते ते प्रत्येक काम आता डोक्याला विचारून करावं लागत होतं, त्याचा हा शीण. हा शीण कुठल्याही टाइमशीटवर दाखवता येत नाही.

बरं, जुनी माणसं सांगत नव्हती असंही नाही. भरभरून सांगायची. एक सीनियर इंजिनियर तर हौसेने फळ्यापाशी न्यायचा. “सिंपल आहे बघ,” म्हणून सुरुवात. मग चौकोन, बाण, चौकोन, आणखी एक बाण उलटा. मार्कर सुकलेला, त्यामुळे निम्मे बाण अंदाजाने समजून घ्यायचे. “हा बॉक्स सोडून दे, तो लेगसी आहे.” सोडून द्यायचा तर काढला कशाला, हे विचारेपर्यंत त्याचा हात पुढच्या कोपऱ्यात. “आणि इथून पुढे नेहमीसारखंच.” माझ्यासाठी नेहमीसारखं असं काही अजून अस्तित्वातच नव्हतं.

त्याचा दोष नव्हता. एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने स्टॅनफर्डमध्ये १९९० च्या आपल्या प्रबंधासाठी काही लोकांना प्रसिद्ध गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला लावली आणि ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं होतं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी सहज ओळखतील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं, साथसंगतीसह, चालू असतं. ऐकणाऱ्याला ऐकू येते ती टेबलाची टकटक. माझा इंजिनियर फळ्यापुढे रंगून जायचा तेव्हा त्याच्या डोक्यात सात-आठ वर्षांची मैफल चालू असणार. मी टकटक वहीत उतरवून घेत होते.

आता मूळ दुखण्याकडे येते. टकटक ऐकणारा माणूस काय करतो? मान डोलावतो. मान डोलावणं हा प्रकार मला नव्या नोकरीतली सगळ्यात महाग गोष्ट वाटते. पहिल्यांदा न कळता मान डोलावली जाते तेव्हा काही बिघडत नाही, समोरच्याची लय मोडू नये एवढाच हेतू असतो. पण तोच विषय पुन्हा निघतो, तेव्हा विचारायचं तर ‘हे कळलं नाही’ एवढंच सांगून भागत नाही, ‘मागच्या वेळीही कळलं नव्हतं’ हेही सांगावं लागतं. तिसऱ्या वेळी आणखी. दर डोलावण्यागणिक त्याच प्रश्नाची किंमत वाढत जाते आणि एका टप्प्यावर तो प्रश्न विचारण्यापलीकडे जातो. नव्या माणसाला भाबडं विचारायची जी मुभा असते ती अशी आतूनच संपते. कुणी काढून घेत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं, पण रोज त्याच मुठीने काम करायचं असेल तर ती झाकून किती वेळ ठेवणार?

माझ्याच सुमारास लागलेला एक हुशार मुलगा होता. मीटिंगमध्ये तो इतकी समजूतदार मान हलवायचा की त्याच्याकडे बघून मला धास्ती वाटायची. एकदा सगळे गेल्यावर तो खुर्ची सरकवून हळूच म्हणाला, “मॅडम, तो जुना फ्लॅग... बिलिंगचं नक्की काय आहे हो त्याच्यावर?” मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो म्हणाला, “तुम्ही लिहून घेत होता ना, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.” मी लिहून घेतलेलं त्याला दाखवलं. ‘फ्लॅग. बिलिंग??’ एवढंच होतं.

डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली छापलेला एक प्रयोग यावरच बेतलेला वाटावा असा आहे. विद्यार्थ्यांच्या गटाला मुद्दाम दुर्बोध केलेला एक लेख वाचायला दिला आणि सांगितलं, फारच अडलं तर खोलीतून उठून येऊन विचारा. कुणीही उठलं नाही. मौज पुढेच आहे. प्रत्येकाला स्वतःच्या न उठण्याचं कारण ठाऊक होतं, संकोच. बाकीचे का उठले नाहीत, तर त्यांना लेख कळला असणार! एकाच खोलीतल्या एकाच गप्प बसण्याचे दोन अर्थ, स्वतःपुरता एक आणि इतरांसाठी दुसरा.

आम्ही दोघं मग उठून त्या इंजिनियरकडे गेलो. दोघं असलो की धीर येतो, हे शाळेत गृहपाठ न झाल्यापासूनचं ज्ञान. त्याने विचार केला. “त्याच्यावर बिलिंग आहे म्हणजे...” म्हणाला आणि थांबला. स्क्रीन उघडली, बरंच शोधलं, दुसऱ्या एकाला बोलावलं. दोघांचं त्यावर वाजलं. निष्कर्ष असा की कुणीतरी पूर्वी ती कळ बंद केली तेव्हा बिलं चुकीची गेली होती. ते करणारा माणूस नोकरी सोडून गेला, दुरुस्त करणाराही गेला, उरली ती ‘हात लावू नका’ एवढी दहशत. स्टँडअपमधलं ते हसू त्या दहशतीचं होतं. निम्म्याहून अधिक हसणाऱ्यांना मूळ प्रकरण माहीतच नव्हतं, ते आमच्यासारखेच मागाहून आलेले.

यानंतर मला सगळं कळायला लागलं असं अजिबात झालं नाही. पण खोलीतल्या इतरांविषयीचा माझा अंदाज बदलला, आणि मी एक बारीकसा नियम केला. मीटिंग संपायच्या आत विचारायचं. नंतर एकेकट्याला गाठून विचारलं की उत्तर मिळतं, पण ते त्या दोघांतच राहतं आणि पुढच्या मीटिंगला पुन्हा सगळे माना डोलावतात. सगळ्यांसमोर विचारलं की कधीकधी पलीकडचा एखादा जुना माणूस खुर्चीत सावरून बसतो. त्यालाही हवं असतं ते उत्तर.

हे जमलं ते जागा बरी होती म्हणून, हे मात्र सांगायला हवं. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास केला होता, १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. औषधं देण्यातल्या चुका कुठे जास्त होतात ते पाहायचं होतं. अपेक्षा अशी की चांगल्या चालणाऱ्या गटांत चुका कमी असतील. आकडे उलटे आले. जिथे प्रमुख चांगला, माणसांचं आपसांत बरं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथे चुका जास्त होत नसाव्यात, बोलल्या जास्त जात असाव्यात. नव्या माणसाला ‘बिनधास्त विचारत जा’ असा सल्ला देणारे हा भाग गाळतात. प्रश्न विचारल्यावर भुवया उंचावणारा साहेब असेल तर बिनधास्तपणा आणायचा कुठून? तिथे गप्प बसणारा माणूस भित्रा नसतो, त्याला वारा कुठून वाहतो ते कळलेलं असतं. अशा ठिकाणी वर्ष काढलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना काम शेवटपर्यंत येत नाही आणि दोष ती स्वतःच्या बुद्धीला देत राहतात.

आणि कधीकधी काम खरंच आपलं नसतं. हेही खरं आहे आणि ते दडपून बोलण्यात अर्थ नाही. हे ओळखायचं कसं, यावर मी बराच विचार केला, कारण सोडून द्यावं असं मला अनेकदा वाटलं. धडधड किती होते यावरून काही कळत नाही. ज्याला जमणार आहे त्यालाही होते, ज्याला नाही त्यालाही होते, आणि काहींना होत नाही ते सगळ्यात धोकादायक. मी त्यापेक्षा वही चाळायची. सुरुवातीच्या पानांवरचे प्रश्न ‘हे काय आहे’ या जातीचे होते. मग ‘हे असताना ते कशाला’ असे यायला लागले. त्यातल्या काहींची उत्तरं समोरच्याला लगेच देता येत नव्हती. प्रश्नांची जात बदलत असेल तर धडधड चालू द्यावी, असं मी स्वतःपुरतं ठरवलं. बरेच महिने लोटूनही पहिल्याच पानावरचे प्रश्न पुन्हा लिहावे लागत असतील, तर जागा चुकली असेल किंवा शिकवणारं कुणी नसेल. दोन्ही वेळा दुसरीकडे अर्ज करायला काही लाजायचं कारण नाही.

सध्या वहीत एक प्रश्न अडकलाय. ग्राहकाचे पैसे अर्धेच परत गेले, तर त्याच्या पावतीवर कुठला आकडा दिसतो? तिघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली, तिन्ही अगदी ठामपणे. पुस्तिकेतलं ते पान मी कोरं ठेवलंय आणि वर लिहिलंय: ‘याबाबत आमच्यात एकमत नाही.’ टीम लीडने ते वाचलं आणि धावत आला.

“तुम्ही हे असंच लोकांना देणार?”

“शुक्रवारपर्यंत एक आकडा सांग, नाहीतर असंच जाणार.”